माळ, गायरान आणि राज्यघटना : सर्वोच्च न्यायालयाच्या काही निर्णयांचे परीक्षण

अनुसूचित जमातींच्या जमिनीचा प्रश्न निघाला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचा उतार, सातपुड्याची दरी किंवा गडचिरोलीचे अरण्य उभे राहते. घटनाशास्त्रावरील पाठ्यग्रंथही याच सवयीने चालतात. पाचवी अनुसूची, राज्यपालांचे अधिकार आणि ग्रामसभा एवढ्यात त्यांचे विवेचन आटोपते. ही सवय अगदीच निराधार आहे असे नव्हे. परंतु तिच्यामुळे एक मोठा प्रदेश नजरेआड होतो. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुका हे त्याचे चांगले उदाहरण होय. या जिल्ह्यातील एकही गाव अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. त्यामुळे अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा कायदा तेथे लागू होत नाही आणि पाचव्या अनुसूचीने राज्यपालांना दिलेल्या विशेष अधिकारांनाही तेथे अवकाश नाही. तरीही पुणे-सोलापूर लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंस, सीना आणि भीमा यांच्या खोऱ्यांतील मुरमाड माळावर, पारधी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वावरत आली आहेत. महाराष्ट्राच्या यादीत पारधी ही अनुसूचित जमात आहे. म्हणजे माणूस अनुसूचित आणि भूमी मात्र अननुसूचित, अशी ही स्थिती. सर्वोच्च न्यायालयाचे आदिवासींच्या भूमिहक्कांविषयीचे नामांकित निर्णय या स्थितीला कितपत पुरे पडतात, हे येथे तपासावयाचे आहे.

नामांकित निर्णयांपैकी दोन सर्वांच्या परिचयाचे आहेत. १९९७ च्या समता खटल्यात न्यायालयाने आंध्र प्रदेशातील भूहस्तांतरणविषयक नियमांचा अर्थ लावताना ‘व्यक्ती’ या शब्दात शासनाचाही समावेश केला, आणि अनुसूचित क्षेत्रातील शासकीय जमीनही खाजगी खाणमालकांना पट्ट्याने देता येणार नाही असे ठरविले. २०१३ मध्ये नियामगिरीच्या प्रकरणात डोंगरावरील देवतेचा आणि उपजीविकेचा प्रश्न न्यायालयाने तेथील ग्रामसभांच्या पुढे ठेवला. दोन्ही निर्णय मोलाचे आहेत. परंतु दोहोंतही जमातीचा प्रदेश आधीच सिद्ध आहे. नकाशावर त्याची सीमा आखलेली आहे, आणि वाद आहे तो त्या सीमेच्या आत बाहेरच्याने शिरावे की नाही एवढाच. ज्या जमातीला नकाशावर प्रदेशच नाही तिच्याविषयी हे निर्णय स्वभावतःच मौन बाळगतात. त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. पण भूमिहक्कांचे सारे न्यायशास्त्र त्यांतच सामावले आहे असे मानणाऱ्या भाष्यकारांना मात्र तो द्यावा लागतो.

या मौनाचे मूळ घटनेच्या रचनेत आहे. घटनासमितीत जयपालसिंग मुंडा यांनी ‘आदिवासी’ या शब्दाचा आग्रह धरला होता. मसुद्यात शब्द आला तो ‘अनुसूचित जमाती’. हा केवळ नावाचा फरक नव्हता. पहिला शब्द इतिहासाविषयी काही प्रतिपादन करतो, दुसरा फक्त यादीचा निर्देश करतो. ठक्कर बाप्पांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने वगळलेल्या आणि अंशतः वगळलेल्या क्षेत्रांचा जो विचार केला, तोही ब्रिटिश राजवटीने आखलेल्या क्षेत्रांपासूनच सुरू झाला. परिणामी घटनेत संरक्षणाच्या दोन वाटा निर्माण झाल्या. एक वाट प्रदेशाची, म्हणजे पाचव्या अनुसूचीची. दुसरी व्यक्तीची, ती अनुच्छेद ३४२ ची यादी, अनुच्छेद ४६ मधील दुर्बलांच्या आर्थिक हिताचे निदेशक तत्त्व आणि अनुच्छेद १९ चे पाचवे उपकलम यांतून जाते. या शेवटच्या उपकलमाकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मूलभूत अधिकारांच्या प्रकरणात ‘अनुसूचित जमातींच्या हितसंबंधांचे संरक्षण’ हे शब्द येथे आले आहेत. संचार, वास्तव्य आणि मूळ घटनेनुसार मालमत्ता यांच्या स्वातंत्र्यावर त्या संरक्षणासाठी निर्बंध घालण्याची मुभा त्यांनी विधिमंडळांना दिली. पुढे चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत अधिकारच काढून घेतला आणि तो अनुच्छेद ३०० अ मध्ये साधा घटनात्मक अधिकार म्हणून ठेवला. ही तरतूद २० जून १९७९ पासून अंमलात आली. सारांश, घटनेने आदिवासीला जमिनीवरचा हक्क असा कोठेच दिलेला नाही. तो हक्क राखण्यासाठी इतरांच्या हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार तिने शासनाला दिला आहे. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील निर्णयांचे बरेचसे वळण समजते.

महाराष्ट्राने व्यक्तीची वाट धरून जो प्रयत्न केला तो १९७४ चा. त्या वर्षीच्या दुरुस्तीने जमीन महसूल संहितेत कलम ३६ अ घालण्यात आले, आणि अनुसूचित जमातीच्या खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यास पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. पाठोपाठ अनुसूचित जमातींना जमिनी परत देण्याचा अधिनियम आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगरआदिवासीकडे गेलेल्या जमिनी मूळ मालकाला परत देण्याची व्यवस्था त्यात आहे. मालकाने स्वतः जमीन कसण्याची हमी द्यावयाची आणि आकाराच्या अठ्ठेचाळीस पट रक्कम, शिवाय सुधारणांचे मूल्य, भरावयाचे. हे दोन्ही कायदे अनुसूचित क्षेत्रापुरते नाहीत. ते राज्यभर चालतात. इतकेच नव्हे तर संहितेच्या कलम ३६ च्या स्पष्टीकरणात विधिमंडळाने एक धाडसी गोष्ट केली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात काही जमातींना विशिष्ट मुलखापुरतीच मान्यता होती. त्या मुलखाबाहेर राहणाऱ्या त्याच जमातींच्या लोकांनाही या संरक्षणाची गरज आहे, असे विधिमंडळाने तेथे सरळ जाहीर करून टाकले. प्रदेशबंधन शिथिल करणारी केंद्राची दुरुस्ती त्यानंतर, १९७६ मध्ये आली. राज्याने केंद्राच्या पुढे पाऊल टाकल्याचे असे प्रसंग विरळाच. त्याची नोंद व्हावयास हवी.

हा अधिनियम सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार खटल्यात. ४ डिसेंबर १९८४ रोजी न्या. अ. प्र. सेन यांनी दिलेला निर्णय आजही वाचनीय आहे. विषम बळाच्या दोन पक्षांत झालेला व्यवहार कागदावर कितीही निर्दोष असला तरी त्यातून उपजलेला अन्याय दूर करणे हे वितरणात्मक न्यायाचे अंग होय, आणि विधिमंडळ ते करू शकते, ही त्याची मध्यवर्ती भूमिका. करारस्वातंत्र्याच्या ज्या कल्पनेवर एकोणिसाव्या शतकातील महसुली कायदा उभा होता, तिला येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे बाजूस सारण्यात आले. सावकाराच्या वहीवर अंगठा उमटविणारा आणि ती वही लिहिणारा यांच्यात समता गृहीत धरणे हीच विषमता होय, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

परंतु याच निर्णयातील एक भाग अस्वस्थ करणारा आहे. ६ जुलै १९७४ पर्यंत ज्या जमिनी बिगरशेती उपयोगाकडे वळल्या होत्या, त्या अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या होत्या. हा भेदभाव समतेच्या तत्त्वाला बाधक आहे, असा आक्षेप जमीन घेणाऱ्या शेतकऱ्यांकडून आला. न्यायालयाने तो फेटाळला. शेती करणाऱ्या खरेदीदाराने जमीन परत करावी आणि तिच्यावर गिरणी, वखार किंवा इमारत उठविणाऱ्याने ती ठेवावी, हे वर्गीकरण प्रशासनाच्या सोयीचे असेल. न्यायाच्या दृष्टीने त्याचे समर्थन अवघड आहे. ज्याची ऐपत मोठी त्याचे बांधकाम मोठे, आणि बांधकाम मोठे म्हणून त्याचा ताबा अभेद्य, असा त्याचा अर्थ होतो. विषम बळाचे तत्त्व मांडणाऱ्या निर्णयाने बळाचे हे दुसरे रूप ओळखू नये याचे नवल वाटते.

अधिनियमातील १ एप्रिल १९५७ ही तारीखही विचार करण्याजोगी आहे. मुंबई कूळकायद्याच्या १९५६ च्या दुरुस्तीने याच दिवशी कुळे जमिनीची मालक झाली असे मानण्यात आले, आणि श्रीराम राम नारायण मेढी खटल्यात १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. कसणाऱ्याला जमीन देण्याच्या त्या मोठ्या सुधारणेत एखाद्या आदिवासी मालकाची जमीन बिगरआदिवासी कुळाकडे गेली असेल, तर १९७४ च्या अधिनियमाने तीही परत मागितली. दोन न्याय्य कायदे एकमेकांसमोर उभे ठाकले. जमिनीचे वाटप करताना ‘गरीब’ हा एकच वर्ग धरून चालत नाही, हे विधिमंडळाला सतरा वर्षांनी उमगले असे म्हणावे लागते. याच जातीची आणखी एक तरतूद अधिनियमात आहे : ज्याची स्वतःची जमीन सार्वजनिक कामासाठी संपादित होऊन तो भूमिहीन झाला, आणि त्यानंतर त्याने आदिवासीची जमीन घेतली, त्याच्याकडून निम्मीच जमीन परत घ्यावयाची. उजनीच्या पाण्याखाली ज्या जिल्ह्यातील शिवारे गेली तेथील वाचकाला या निम्म्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याचे कारण नाही.

इतके झाले तरी मोहोळच्या माळावरील पारध्याचा प्रश्न या अधिनियमाने फारसा हलत नाही. त्याचे कारण त्याच्या परिभाषेतच आहे. अधिनियम ज्याला संरक्षण देतो तो ‘हस्तांतरण करणारा आदिवासी’ आहे. त्याच्या नावाचा सातबारा एकेकाळी होता, फेरफार नोंदवहीत त्याची नोंद झाली, आणि मग ती जमीन गेली, असा त्याचा इतिहास असावा लागतो. कोकणा, भिल्ल, ठाकूर, गोंड यांच्यापैकी पुष्कळांचा तो तसा आहे. पारध्याचा नाही. फासे लावून तित्तर आणि हरीण धरणाऱ्या, पालांतून राहणाऱ्या आणि सुगीच्या वेळी गावोगाव फिरणाऱ्या जमातीची जमीन कधी विकत घेतली गेली नाही, कारण ती तिच्या नावे कधी लागलीच नव्हती. तिने गमावला तो माळाचा उपभोग. आणि उपभोगाला महसुली दप्तरात रकाना नाही. १९९५ च्या मुरलीधर केसेकर खटल्यात न्या. के. रामस्वामी यांनी अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला शासनाने दिलेली जमीन विकण्यास परवानगी नाकारणे योग्य ठरविले आणि आर्थिक न्यायाची सांगड अनुच्छेद ४६ शी घातली. निर्णय बरोबर आहे. पण तोही भोगवटादार वर्ग दोनचा कागद हाती असणाऱ्यापुरता.

कागद का नाही, याचे उत्तर मोहोळपासून फार दूर शोधावे लागत नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या सुधारित अधिनियमानंतर मुंबई इलाख्यात अंमलात आला, आणि सोलापूर शहरालगत तारेच्या कुंपणाआड जी मोठी वसाहत उभी राहिली ती ‘सेटलमेंट’ या नावाने आजही ओळखली जाते. कैकाडी, टकारी, भाट, मांग-गारुडी, पारधी अशा नाना जमातींची माणसे अशा वसाहतींत आणि हजेरीच्या वहीत बांधली गेली. नोंद झालेल्या माणसाला पासाशिवाय गाव सोडता येत नसे. हा कायदा १९५२ मध्ये देशभरातून गेला. कुंपण निघाले, पण ज्या माणसांना कुंपणात घातले होते त्यांना पूर्वीचा माळ कोणी परत दिला नाही. तोवर त्या माळाचे गायरान, वन किंवा खाजगी शेत झालेले होते. जमीन कसण्याची सवय नसलेल्या लोकांना स्थिर करण्यासाठी हा उपद्व्याप होता असे समर्थन त्या काळी होई. चार-पाच दशके स्थिर ठेवूनही शासनाने त्यांना कसण्यापुरती जमीन दिली नाही, यावरून त्या समर्थनाची किंमत ठरते.

आता प्रस्तुत परीक्षणाच्या मुख्य मुद्द्याकडे वळावयाचे. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एकाच खंडपीठाने, न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्र यांनी, तेवीस दिवसांच्या अंतराने दोन निर्णय दिले. पहिला ५ जानेवारीचा, कैलास विरुद्ध महाराष्ट्र शासन. महाराष्ट्रातील एका भिल्ल तरुणीची विवस्त्र धिंड काढणाऱ्यांचे अपील त्यात फेटाळले गेले. निर्णयपत्रात न्यायालयाने शिक्षेच्या प्रश्नापलीकडे जाऊन भारताचा सारा इतिहासच मांडला : हा देश मुख्यतः स्थलांतरितांचा आहे, सुमारे ब्याण्णव टक्के लोक बाहेरून आलेल्यांचे वंशज आहेत, आणि जे सुमारे आठ टक्के आदिवासी आहेत तेच येथील मूळ रहिवाशांचे वंशज होत. एकलव्याच्या अंगठ्याची कथाही तेथे आली आणि द्रोणाचार्यांच्या वर्तनाचा निषेधही झाला. आदिवासींवर झालेल्या अन्यायाचा इतका मोकळा उच्चार न्यायालयाच्या दप्तरात क्वचितच आढळेल. याबद्दल आदर बाळगूनच त्याची चिकित्सा केली पाहिजे.

पहिली गोष्ट ही की, या इतिहासकथनाचा निकालावर काहीच परिणाम झालेला नाही. आरोपींना शिक्षा झाली ती भारतीय दंडसंहितेखाली. अत्याचार प्रतिबंध अधिनियमाखालील शिक्षा उच्च न्यायालयाने रद्द केली होती; कारणांपैकी एक असे की, जातीचे प्रमाणपत्र दाखल झाले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने या अतितांत्रिक कारणाबद्दल आश्चर्य व्यक्त केले, पण त्या भागाविरुद्ध अपीलच नसल्यामुळे त्यात हात घातला नाही. म्हणजे ज्या निर्णयपत्रात भिल्ल हे या भूमीचे मूळ रहिवासी म्हणून गौरविले गेले, त्याच प्रकरणात एका भिल्ल स्त्रीचे भिल्ल असणे कागदाअभावी असिद्ध राहिले. इतिहासाने जे दिले ते दप्तराने काढून घेतले, आणि दोन्ही एकाच प्रकरणात.

दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. मूळ रहिवासी असणे हाच हक्काचा पाया मानला तर पारध्यांचे काय होईल? त्यांची वाघरी बोली गुजरातीच्या कुळातील आहे. तिच्या आधारे ते पश्चिमेकडून दख्खनमध्ये उतरले असा तर्क करता येतो, आणि तसा तो केलाही जातो. या न्यायाने सोलापूरच्या माळावर पारधी हाही आगंतुकच ठरेल. प्राचीनतेचे हे माप हाती घेतले की ते ज्याच्या बाजूने उभे राहावयाचे त्याच्यावरही उलटते. पारध्याचा दावा तो येथे सर्वांच्या आधी आला म्हणून उभा राहत नाही. शासनाने कायदा करून त्याला माळावरून उठविले, त्याच्या हालचालीला गुन्हा ठरविले, आणि मग मोकळा झालेला माळ दुसऱ्या नावावर चढविला, म्हणून तो उभा राहतो. हक्काचा पाया अपहारात आहे, आगमनाच्या क्रमात नाही. लिंगप्पा खटल्यात हा पाया न्यायालयाच्या हाती आला होता. कैलास खटल्यात अलंकारिक इतिहासाच्या ओघात तो सुटला.

दुसरा निर्णय २८ जानेवारी २०११ चा, जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य. पतियाळा जिल्ह्यातील एका गावतळ्यावर घरे बांधणाऱ्यांना हटविण्याचा हा वाद. न्यायालयाने सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांना आदेश दिला की, गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याच्या योजना तयार कराव्यात. अतिक्रमण किती जुने आहे, त्यावर किती खर्च झाला आहे किंवा करणाऱ्याचे राजकीय वजन किती आहे, ही सबब ऐकू नये. यामागील चिंता खरी आहे. सामायिक जमिनी गिळणारे लोक प्रायः गावातील प्रबळच असतात, आणि गायरान गेले की प्रथम मरतो तो मेंढपाळ आणि एक-दोन जनावरांचा धनी. या निर्णयाला केवळ गरीबविरोधी म्हणणे अन्यायाचे होईल. शिवाय न्यायालयाने एक अपवादही ठेवला आहे : भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासकीय अधिसूचनेने पट्टे दिले असतील, अथवा त्या जागेवर शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय असेल, तर नियमितीकरणास वाव आहे.

परंतु हे दोन निर्णय शेजारी ठेवून वाचले की एक विसंगती डोळ्यांत भरते. पहिल्यात आदिवासी हा साऱ्या भूमीचा मूळ धनी आहे. दुसऱ्यात, त्याच्याजवळ अधिसूचनेखालील पट्टा नसेल तर, तो अतिक्रमण करणारा आहे. ‘अतिक्रमण’ हा एकच शब्द गायरानाच्या कडेला पत्र्याचे गोदाम उठविणाऱ्याला आणि त्याच गायरानावर पाल ठोकून दोन एकर मटकी-हुलगा पेरणाऱ्याला लागू होतो. तेवीस दिवसांपूर्वीच्या इतिहासाचा एकही धागा दुसऱ्या निर्णयात आलेला नाही. न्यायाधीश तेच, महिना तोच. बदलले ते फक्त प्रकरणाचे शीर्षक. घटनेने आदिवासींच्या हिताला मूलभूत अधिकारांच्या प्रकरणात जागा दिली असताना, सामायिक जमिनीवरील त्यांचा वावर हा स्वतंत्र प्रश्न आहे की नाही, हे न्यायालयाने स्वतःला विचारावयास हवे होते.

महाराष्ट्रात हा निर्णय येण्यापूर्वीच गायरानाचा एक वेगळा इतिहास घडला होता. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून पडीक जमिनी भूमिहीनांना देण्याची मागणी सतत होत राहिली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील, शेतीसाठी झालेली मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे ठरविले. शेवटची तारीख डॉ. आंबेडकरांच्या जन्मदिनाची आहे. तिच्यामागील भावना समजण्यासारखी आहे. परंतु भावनेची तारीख ही वस्तुस्थितीची तारीख होऊ शकत नाही. १४ एप्रिल १९९० च्या आधीची पेरणी सिद्ध करावयाची तर तलाठ्याच्या अतिक्रमण नोंदवहीत नाव हवे, दंडाची पावती हवी, किंवा पंचनामा हवा. गावात चोरी झाली की प्रथम ज्याच्या पालावर धाड पडते, आणि धाड पडली की जो रातोरात पाल उचलून दुसऱ्या शिवारात जातो, त्याच्याजवळ सलग दहा वर्षांच्या दंडाच्या पावत्या असाव्यात ही अपेक्षाच विपरीत होय. जगपालसिंग निर्णयानंतर, १२ जुलै २०११ रोजी, राज्याने गायरानावरील अतिक्रमणे हटविण्याविषयी नवे आदेश काढले, आणि जुन्या शासननिर्णयाची वाट आणखी अरुंद झाली.

तारखेने हक्क मोजण्याची ही पद्धत भारतापुरती नाही. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने १९९२ च्या माबो खटल्यात तो खंड निर्जन होता ही कल्पित कथा मोडून काढली, आणि जगभर त्याचे स्वागत झाले. पण दहाच वर्षांनी, २००२ मध्ये, यॉर्टा यॉर्टा लोकांचा दावा त्याच न्यायालयाने फेटाळला. कारण काय, तर त्यांच्या परंपरेचे सातत्य खंडित झाले होते. ते ज्यांनी खंडित केले त्यांच्याच वारसांना त्या खंडाचा लाभ मिळाला. ब्राझीलची १९८८ ची घटना मूळ रहिवाशांचे त्यांच्या भूमीवरील हक्क ‘आद्य’ म्हणून मान्य करते. म्हणजे ते हक्क घटनेने दिलेले नसून घटनेच्या आधीचे आहेत असे मानते. तरीही ५ ऑक्टोबर १९८८ या दिवशी जो समाज त्या भूमीवर प्रत्यक्ष होता त्यालाच ती मिळावी, असा ‘कालखुणे’चा सिद्धान्त तेथे २००९ पासून बळावला. शोक्लेंग लोकांच्या प्रकरणात २१ सप्टेंबर २०२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध दोन मतांनी तो अमान्य केला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तेथील संसदेने तोच सिद्धान्त कायद्यात घातला. त्या वादातील एक मुद्दा येथे विशेष उपयुक्त आहे. कालखुणेचे समर्थकही एवढे मान्य करीत की, ज्यांना बळाने हुसकून लावले होते आणि ज्यांनी आपला दावा सोडला नव्हता, त्यांना ती खूण लावू नये. हा अपवाद भारतीय न्यायशास्त्रात शोधूनही सापडत नाही.

२००६ चा वनहक्क कायदा ऐतिहासिक अन्यायाचा स्पष्ट उल्लेख करतो, आणि म्हणून त्याच्याकडून अधिक अपेक्षा होती. तो अनुसूचित क्षेत्राबाहेरही लागू आहे, अभयारण्यांतही लागू आहे, आणि भटक्या समाजांच्या हंगामी वापराचा हक्कही तो नावानिशी सांगतो. मोहोळच्या संदर्भात याला महत्त्व आहे. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक पक्ष्याचे अभयारण्य म्हणून घोषित झाले, आणि त्यात मोहोळ तालुक्याचाही भाग होता. शेते, गावे, बाजारपेठा यांच्यासह एवढा प्रदेश अभयारण्य ठरविण्याची कल्पना कोणत्या कचेरीत सुचली असेल कोण जाणे. पुढे ते क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणावे लागले. मधल्या काळात शेतकऱ्यांची ओरड झाली आणि ती ऐकली गेली, कारण त्यांच्याजवळ सातबारे होते. पारध्याची शिकार मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेच गुन्हा ठरली होती, आणि तिच्या बदल्यात त्याला काय द्यावे हा विषय कोणाच्याही टिपणीत आला नाही.

वनहक्क कायद्यातही तारीख आहेच. अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. इतरांना त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, वनात राहिल्याचे सिद्ध करावे लागते. येथे सोलापूरच्या सेटलमेंटचा इतिहास पुन्हा आड येतो. पारधी अनुसूचित जमातीत आहेत. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आणि सोलापुरात विमुक्त जातीत आहेत. वडार आणि बंजारा हे महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांत, तर सीमेपलीकडे कर्नाटकात अनुसूचित जातींत. एकाच तारेच्या आत कोंडलेल्यांची घटनेने अशी वेगवेगळ्या यादींत विभागणी केली. विमुक्त जातीतील माणसाला १३ डिसेंबर १९३० पासूनचा वनातील वास सिद्ध करावयाचा आहे. १९३० साली त्याचा आजा कोठे होता? बहुधा हजेरीच्या वहीत. आणि ती वही शासनाच्याच ताब्यात होती. ज्या शासनाने त्याला वनाबाहेर ठेवले तेच शासन आता त्याला विचारते की, तू वनात का नव्हतास? फेब्रुवारी २०१९ मध्ये ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना वनजमिनीवरून हटविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि पंधरवड्यात, २८ फेब्रुवारीस, तो स्थगित केला. दावे कोणत्या कारणांनी फेटाळले गेले याची माहिती राज्यांकडून मागविली गेली; पण पुराव्याची अटच शासनाच्या पूर्वकृत्यामुळे अशक्य झालेली असेल तर काय, हा प्रश्न अजून चर्चेच्या कक्षेत आलेला नाही.

तो प्रश्न न्यायालयापुढे ठेवण्यास नव्या घटनादुरुस्तीची गरज आहे असे दिसत नाही. लिंगप्पा निर्णयातील विषम बळाचे तत्त्व खाजगी व्यवहारापुरते मर्यादित ठेवण्याचे कारण नाही; शासन आणि गुन्हेगार ठरविलेली जमात यांच्याइतके विषम बळाचे पक्ष दुसरे कोणते असणार? जमीन महसूल संहितेच्या कलम ५० मध्ये अतिक्रमण हटविण्याचा आणि कलम ५१ मध्ये ते नियमानुकूल करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास दिलेला आहे. जगपालसिंग निर्णयातील अपवाद शासकीय अधिसूचनेचा आधार मागतो. तो आधार १९९१ च्या शासननिर्णयात शोधावयाचा तर त्यातील तारखेचा अर्थ लावावा लागेल, आणि ज्या पाली दर पावसाळ्यानंतर उठविल्या गेल्या त्यांचा ताबा सलग मानावयाचा की खंडित, हे ठरवावे लागेल. कलम ५० ची नोटीस घेऊन तलाठी जेव्हा गायरानावर जातो, तेव्हा त्याच्या हाती या प्रश्नाचे कोणतेच उत्तर नसते. त्याच्याजवळ असते ती नोंदवही, आणि तिच्यात ते नाव नसते.